एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर डुप्लिकेट कोणती धरायची?

सीवूड्सवाला

मंडळी, इथे कोणी लायब्ररीत काम केलेले असतील तर मदत हवी आहे. आमच्या सोसायटीत क्लब हाऊसच्या वर एक छोटं वाचनालय आहे, लोखंडी कपाटं आणि दोन टेबलं एवढंच, पण पुस्तकं बरीच जमलीत कारण सीवूड्समधून कोणी पुण्याला शिफ्ट झालं किंवा मुलांकडे परदेशात गेलं की खोकीच्या खोकी इथे आणून ठेवतात. आजवर ज्येष्ठ नागरिक संघाचे एक काका वहीत नोंद ठेवायचे, आता कमिटीने सांगितलं की सगळं एक्सेलमध्ये घ्या, डुप्लिकेट काढा, प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत ठेवा, बाकी रद्दी. जागा हवी आहे म्हणे, योगाच्या मॅट ठेवायला.

तर आमच्यातल्या एका उत्साही मुलाने नावाच्या कॉलमवर रिमूव्ह डुप्लिकेट्स मारलं. यादी झटक्यात लहान झाली, कमिटी खूश. मी सहज बघायला गेलो तर 'श्यामची आई'च्या चार ओळींची एक झालेली. प्रत्यक्षात कपाटात एक जुनी पिवळी पडलेली प्रत आहे, एक दुसऱ्याच प्रकाशनाची मोठ्या टाइपातली, एक बारीकशी चित्रांची मुलांसाठी केलेली, आणि एक सिनेमाची डीव्हीडी. एक्सेल पहिली ओळ ठेवतं आणि खालच्या उडवतं, आणि पहिली ओळ नेमकी त्या चित्रांच्या पुस्तकाची होती!! म्हणजे अख्खं पुस्तक रद्दीत आणि गोष्टीचा सारांश कपाटात. इंग्रजी अनुवाद तेवढा वाचला, कारण नाव इंग्रजीत टाइप केलेलं.

उलटी गंमत ज्ञानेश्वरीची. 'ज्ञानेश्वरी', 'श्रीज्ञानेश्वरी', 'सार्थ ज्ञानेश्वरी', 'भावार्थदीपिका' अशी चार नावं, तर ती चारही शाबूत, एक्सेलच्या मते चार वेगळी पुस्तकं.

तर प्रश्न असा की मोठ्या लायब्रऱ्या हे कसं ठरवतात, 'तेच पुस्तक' म्हणजे नक्की काय तेच? आणि आमच्यासारख्यांनी किती खोलात जायचं?

खोपटकर

इतका विचार नका करू. प्रत्येक पुस्तकाला नंबर द्या, नाव-लेखक-प्रकाशक लिहा, झालं. सोसायटीच्या वाचनालयात कोण येऊन विचारणार आहे की पाठ कुठला शुद्ध आणि कुठला नाही. लोक येतात, जाड दिसलं तर ठेवून देतात, पातळ दिसलं तर नेतात. आणि योगा मॅट जिन्याखाली ठेवायला सांगा.

कार्डकपाट

खोपटकर, नंबराचं बरोबर आहे पण तेवढ्याने सीवूड्सवाल्यांचा प्रश्न सुटत नाही, कारण नंबर दिले तरी रद्दीत काय टाकायचं हे कसं कळणार?

मी ठाण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत कॅटलॉगिंगच करते, बरीच वर्षं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

'पुस्तक' म्हणताना आपण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो आणि ते आपल्या लक्षात येत नाही. "श्यामची आई वाचलंय का" असं विचारतो तेव्हा कुठली प्रत, कुठला प्रकाशक याच्याशी काही देणंघेणं नसतं, साने गुरुजींनी जे रचलं ते, बस. याला कॅटलॉगवाले वर्क म्हणतात, मी इथे कृती म्हणते. "मी इंग्रजीत वाचलं" म्हटलं की कृती तीच पण शब्द वेगळे, कोणीतरी दुसऱ्याने घडवलेले. हे एक्स्प्रेशन, आपण रूप म्हणू. मग "मोठ्या टाइपातलं आहे का हो" असं आजी विचारतात तेव्हा त्या छापील आवृत्तीबद्दल बोलतायत, अमुक प्रकाशक, अमुक साल, इतकी पानं. हे मॅनिफेस्टेशन, आपण आवृत्ती म्हणू. आणि "माझी प्रत परत द्या, त्यावर आईची सही आहे" म्हटलं की ती एकच वस्तू, आयटम, जगात तशी दुसरी नाही.

या चार पायऱ्या इफ्ला नावाच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय संघटनेनं १९९८ च्या अहवालात मांडल्या, एफआरबीआर म्हणतात, आमच्यात सगळे 'फर्बर' म्हणतात. २०१७ साली त्याचंच सुधारलेलं मॉडेल आलं, एलआरएम, पण या चार पायऱ्या तशाच राहिल्या. कल्पना त्याहून खूप जुनी. ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत पानिझी नावाचे गृहस्थ होते, त्यांचे ९१ नियम १८४१ साली छापले गेले, तेव्हाही लोक त्यांच्यावर ओरडतच होते की साधी यादी करायला एवढे नियम कशाला, आणि त्यांचं म्हणणं हेच की वाचकाला नुसतं पुस्तक नाही, नेमकी आवृत्ती हवी असू शकते. पुढे अमेरिकेत कटर नावाच्या ग्रंथपालाने १८७६ साली कॅटलॉगची उद्दिष्टं लिहिली त्यातही हे आहे, की लेखकाचं लायब्ररीत काय काय आहे ते दिसलं पाहिजे आणि आवृत्ती निवडता आली पाहिजे.

आता तुमची पाच. जुनी पिवळी आणि मोठ्या टाइपातली: दोन्हीत पूर्ण मजकूर असेल तर कृती एक, रूप एक, आवृत्त्या दोन. इंग्रजी अनुवाद: कृती तीच, रूप वेगळं. चित्रांचं पुस्तक: इथे थांबून बघायचं. नुसतं संक्षिप्त केलं असेल, म्हणजे गुरुजींचीच वाक्यं पण काही भाग गाळलेला, तर नियमाप्रमाणे ती त्याच कृतीचं एक रूप. पण कोणीतरी मुलांसाठी आपल्या शब्दांत नव्याने गोष्ट सांगितली असेल तर ती वेगळी कृती, कारण त्यात नव्याने लिहिण्याची मेहनत आहे. फर्बरच्या अहवालात मुलांसाठी केलेलं रूपांतर नवी कृती असं स्पष्ट म्हटलंय. डीव्हीडी तर सरळसरळ वेगळी कृती, १९५३ चा आचार्य अत्र्यांचा सिनेमा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला पहिला. पुस्तकावर आधारित आहे एवढं नातं नोंदवायचं.

थोडक्यात तुमच्या कपाटात एकही डुप्लिकेट नाही. डुप्लिकेट म्हणजे आवृत्तीसुद्धा तीच आणि तरी दोन वस्तू. तशी सापडली तरच रद्दीचा विषय, आणि तेव्हाही आधी उघडून बघा आत कोणाचं काय लिहिलंय का.

सीवूड्सवाला

बाप रे, फारच मस्त सांगितलंत ताई. उघडून बघितलं लगेच. चित्रांच्या पुस्तकावर "पुनर्कथन" असं लिहून खाली वेगळंच नाव आहे, म्हणजे वेगळी कृती ना? आणि मोठ्या टाइपाच्या पुस्तकात 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी प्रकरणं आहेत पण जुन्यापेक्षा रात्री कमी भरतायत, तर हे संक्षिप्त धरायचं? पुस्तकावर कुठेही संक्षिप्त लिहिलेलं नाही.

अजून एक, हे एकच पुस्तक इतक्या प्रकाशनांनी कसं काय काढलंय?

कार्डकपाट

पुनर्कथन असेल तर हो, वेगळी कृती. त्याच्या लेखकाच्या जागी पुनर्कथन करणाऱ्याचं नाव, आणि "साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारित" अशी टीप.

रात्री कमी असतील तर संक्षिप्त, पुस्तकावर लिहिलेलं नसलं तरी. चौकटी कंसात आपल्या मनाने नोंद करायची पद्धत आहे, म्हणजे वाचकाला कळतं की हे पुस्तकावर छापलेलं नाही, लायब्ररीने बघून लिहिलंय. मघाशी मी दोन्हीचं रूप एक म्हटलं ते पूर्ण मजकूर असेल तर, आता ही दोन रूपं झाली. बघा, नुसतं नाव नि लेखक टाइप करून हे कधीच कळलं नसतं.

प्रकाशनांचं कारण कॉपीराइट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे २०१० संपलं आणि २०११ पासून पुस्तक सगळ्यांना खुलं. मग काय, ज्याच्याकडे छापखाना त्याने काढलं. काही फार चांगल्या आवृत्त्या आहेत, काहींमध्ये मुद्रणाच्या चुका इतक्या की वाचवत नाही. म्हणूनच अशा पुस्तकांना आवृत्तीची पायरी महत्त्वाची, "श्यामची आई आहे" एवढ्यावर भागत नाही.

ऐरोलीची_क्वेरी

मी डेटाबेसमध्ये काम करते त्यामुळे हा धागा वाचून मजा येतेय, कारण हे म्हणजे आमचं रोजचं दुखणं. सीवूड्सवाले, तुमच्या एक्सेलचा खरा प्रॉब्लेम असा आहे की एका ओळीत तुम्ही वस्तू पण मांडताय आणि आवृत्ती पण मांडताय, म्हणजे 'किंमत, पानं, प्रकाशक' हे आवृत्तीचं आणि 'कोणी दिली, कुठल्या कपाटात, कोणाकडे गेलीय' हे त्या एका प्रतीचं, दोन्ही मिसळलं की कुठलीही ओळ उडवताना दोन्ही उडतं. दोन शीट करा. एकात आवृत्त्या, एकात प्रती, आणि प्रतींच्या शीटमध्ये आवृत्तीचा नंबर टाका. कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडच्या एका छोट्या लायब्ररीसाठी बनलं आणि २००० च्या सुरुवातीला चालू झालं, त्यातही असंच आहे, पुस्तकाची नोंद एकदा आणि तिच्याखाली प्रती जोडलेल्या. पुस्तक देताना बारकोड प्रतीचा लागतो, पण कोणाला नंबर लावायचा असेल तर नोंदीवर लावता येतो, जी प्रत आधी येईल ती मिळेल.

दुसरं म्हणजे मराठीत नावावरून जुळवणी करूच नका. 'कऱ्हेचे पाणी' घ्या. हा जो अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्ता (खाली टिंब) असलेला र आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडअक्षर. दिसायला सेम टू सेम, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. वर कुठे 'श्री' जोडून, कुठे तोडून, कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ. म्हणजे जे एक आहे ते वेगळं दिसणार. आणि याच पुस्तकाचे खंड आहेत, नाव सगळ्यांचं एकच, त्यामुळे खंडाचा आकडा वेगळ्या कॉलममध्ये असेल तर तुमच्या त्या मुलाने पहिला खंड ठेवून बाकीचे उडवले असणार, जाऊन बघा बरं.

सीवूड्सवाला

बघितलं. उडवलेत 😭 बरं आहे रद्दीवाला रविवारीच येतो.

पाचपाखाडी_पुलंप्रेमी

कार्डकपाट ताई, सगळं पटलं पण ते अनुवाद म्हणजे 'तीच कृती' हे काही केल्या पटत नाही. 'एका कोळियाने' मी हेमिंग्वेसाठी नाही वाचलं, पु. ल. देशपांड्यांसाठी वाचलं. आणि तुमच्या हिशेबाने ते हेमिंग्वेच्या नावावर जाणार? मग कपाटातसुद्धा 'ती फुलराणी'च्या शेजारी नसणार? हा पु.लं.वर अन्याय आहे राव.

कार्डकपाट

हाहा, तुम्ही अगदी कळीची दोन नावं घेतलीत.

'एका कोळियाने' हा अनुवाद आहे, समुद्र, म्हातारा, मासा, सगळं मूळचंच, शब्द पु.लं.चे. म्हणून कृती हेमिंग्वेची आणि पु. ल. अनुवादक. 'ती फुलराणी'चं तसं नाही. मूळ शॉचं 'पिग्मॅलियन', पण पु.लं.नी ते उचलून इथल्या मातीत आणलं, माणसं इथली, बोली इथली, त्या बोलीवरच सगळं नाटक उभं. नियमाने ही नवी कृती, लेखक पु. ल., आणि नोंदीत "शॉच्या नाटकावर आधारित". म्हणजे एकाच माणसाची दोन पुस्तकं, दोन्ही परदेशी मुळावर उभी, आणि कॅटलॉगमध्ये एक जातं हेमिंग्वेखाली, एक पु.लं.खाली.

पण अन्याय होत नाही, कारण अनुवादकाची वेगळी जोडनोंद करतात. पूर्वी त्यासाठी वेगळं कार्ड टाइप करावं लागायचं, आता एक फील्ड भरलं की झालं. पु. ल. शोधलं की दोन्ही येतात. शेल्फवर कुठे ठेवायचं हा वेगळा विषय, तो वर्गांकाचा, म्हणजे विषयानुसार दिलेल्या नंबराचा, आणि सोसायटीच्या वाचनालयात तुम्ही खुशाल पु.लं.चं एक कपाट करा, कोणी अडवत नाही. कपाट एकच जागा देऊ शकतं, कॅटलॉग पाहिजे तितक्या.

आणि रेषा कुठे ओढायची यावर भांडणं होतातच. आपल्याकडे टायटल पेजवर अनुवाद, भाषांतर, स्वैर अनुवाद, रूपांतर, 'वर आधारित' असं काहीही छापतात, एकाचा स्वैर अनुवाद म्हणजे दुसऱ्याचं रूपांतर. माझा स्वतःचा कल असा की पात्रं आणि गाव बदललं की मी नवी कृती धरते, नुसती वाक्यं सैल केली असतील तर नाही धरत. दुसरी लायब्ररी उलट करेल, आणि तिचंही चूक नाही.

अनुवाद वेगळे ओळखता येणं किती गरजेचं आहे त्याचं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. इंग्रजीत जोसेफिन इंकस्टर यांचा 'आय फॉलो आफ्टर' १९५० सालचा, आणि शांता गोखल्यांचा २०१७ चा. कृती एक, भाषा एक, तरी रूपं दोन, कारण अनुवादक वेगळ्या. पहिल्याच्या नावावरून तर कळतसुद्धा नाही की हे 'स्मृतिचित्रे' आहे. तिथे कॅटलॉगमध्ये मूळ नावाचं एक फील्ड असतं, मार्क फॉरमॅटमध्ये (कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉग नोंदींचा ठरलेला साचा) २४० नंबरचं, त्यात 'स्मृतिचित्रे' लिहून पुढे भाषा इंग्रजी. मग मराठी नाव शोधणाऱ्याला सगळी एकत्र दिसतात. सीवूड्सवाले, तुमच्या चार ज्ञानेश्वऱ्यांचं औषध हेच आहे. एक कॉलम वाढवा, 'मूळ कृती', आणि चारही ओळींत तिथे एकच नाव लिहा, 'ज्ञानेश्वरी'.

पाचपाखाडी_पुलंप्रेमी

ठीक, जोडनोंद आहे म्हणून सोडतो 😄

माउलीचरण

ज्ञानेश्वरीचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी नुसता वाचक आहे. चारही ओळींत एक नाव लिहिलं तरी ती चार पुस्तकं एक होत नाहीत हं. माउलींनी शके १२१२ म्हणजे १२९० साली सांगितली, नाथ महाराजांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली पाठ शुद्ध केला, आणि राजवाड्यांनी १९०९ ला जी छापली ती त्यांच्या मते नाथांच्या आधीच्या पोथीवरून. ओव्यांचे पाठ वेगळे आहेत, भाषासुद्धा जुनी दिसते. पारायणाला बसणाऱ्याला राजवाडे प्रत दिलीत तर दहाव्या ओवीला थांबेल, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्याला पारायणाची पोथी दिलीत तर त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा कॅटलॉगात कुठला पाठ ते पण हवं.

तुकोबांच्या गाथेचं तर विचारूच नका. वेगवेगळ्या छापील गाथांत अभंगांची संख्या जुळत नाही, क्रम जुळत नाही, एकात असलेला अभंग दुसऱ्यात शोधत बसा.

कार्डकपाट

माउलीचरण, अगदी बरोबर, आणि हीच रूपाची पायरी. कृती ज्ञानेश्वरी, पण एकनाथी पाठ एक रूप, राजवाडे प्रत दुसरं. अनुवाद झाला तरच रूप बदलतं असं नाही, त्याच भाषेत पाठ बदलला तरी बदलतं. ऑडिओबुकसुद्धा वेगळं रूप, कारण लिखित मजकूर बोलीव झाला आणि वाचणाऱ्याचा आवाज त्यात आला. पण छापील पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केली तर रूप तेच, फक्त आवृत्ती नवी, कारण मजकुराला कोणी हातच लावलेला नाही.

आणि ज्ञानेश्वरी मुळात गीतेवरची टीका, तरी तिला कोणी गीतेचं रूप म्हणत नाही, ती स्वतंत्र कृती, गीतेशी 'भाष्य' असं नातं. पण 'सार्थ ज्ञानेश्वरी' उघडलीत तर वर ओवी आणि खाली आजच्या मराठीत अर्थ. एकाच बाइंडिंगमध्ये दोन रूपं, मूळ पाठ आणि त्याचं गद्य. अशांना ॲग्रिगेट म्हणतात, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी त्यांचीच. एलआरएममध्ये त्यावर बराच ऊहापोह आहे, इथे नको. तुम्ही शेऱ्यात 'अर्थासह, अर्थ अमुक यांचा' एवढं लिहा.

ठाण्याचंच अजून एक सांगते, राहवत नाही. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, ते काढण्यात वि. ल. भावे होते, त्याच भाव्यांचं 'महाराष्ट्र सारस्वत'. त्यांनी ते पुढे वाढवत नेलं, आणि नंतरच्या आवृत्तीला शं. गो. तुळपुळ्यांची मोठी पुरवणी जोडलेली आहे. माझ्याकडे एकदा एक मुलगा पुरवणीतला संदर्भ घेऊन आला आणि आमच्या शेल्फवर पुरवणी नसलेली जुनी आवृत्ती, नाव तेच, लेखक तोच, तो म्हणे मॅडम पान नंबर चुकीचाय. पान बरोबर होतं, पुस्तक दुसरं होतं.

खोपटकर

सगळं छान आहे हो पण किती पुस्तकांना हे करत बसायचं? शेकडो पुस्तकं, करणारा एक माणूस, तोही संध्याकाळी ऑफिसवरून ट्रेनला लटकून आलेला.

कार्डकपाट

हे मात्र खरं, आणि त्यावर उत्तर आहे. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेतल्या लोकांनी २००३ साली वर्ल्डकॅट या जगभरच्या एकत्रित कॅटलॉगवर हिशेब केला तर साधारण ७८ टक्के कृतींची एकेकच आवृत्ती निघाली. म्हणजे बहुतेक पुस्तकांना कृती, रूप, आवृत्ती हा भेद कागदावर करायची गरजच नाही, एक ओळ पुरते. गुंता होतो तो थोड्याच पुस्तकांत, संतसाहित्य, गाजलेल्या कादंबऱ्या, गाजलेली नाटकं, अनुवाद. आणि नेमकी तीच लोक मागतात. तेवढ्यांनाच 'मूळ कृती'चा कॉलम भरा, बाकी रिकामा सोडा.

आवृत्ती ओळखायला टायटल पेजच्या मागचं पान बघा. आपल्याकडे पाचवी आवृत्ती, अकरावी आवृत्ती असं छापलेलं असतं पण बरेचदा ते नुसतं पुनर्मुद्रण असतं, आत एक अक्षर बदललेलं नसतं. पानांची संख्या तीच, शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य तेच, नवी प्रस्तावना नाही, तर खुशाल एकाच नोंदीखाली दोन प्रती टाका. 'सुधारित', 'वाढवलेली' असं असेल किंवा पानं वाढली असतील तर वेगळी नोंद. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय नंबर, असेल तर मदत होते, २००७ पासून तो १३ अंकी आहे, आपल्याकडचे ९७८८१ किंवा ९७८९३ ने सुरू होतात, आणि कापडी बांधणी आणि पेपरबॅकला वेगवेगळा असतो. म्हणजे तो आवृत्तीचा नंबर आहे, कृतीचा नाही, कोणी सांगितलं आयएसबीएनवरून डुप्लिकेट काढा तर एकाच कादंबरीचे दोन नंबर बघून गोंधळू नका. आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच.

प्रतीचा नंबर मात्र प्रत्येक प्रतीला. एकाच दिवशी चार सारख्या प्रती आल्या तरी चार दाखल नंबर. आणि एखादी प्रत हरवली किंवा रद्दीत गेली तर तिचा नंबर दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, समोर 'बाद' लिहायचं. काकांच्या वहीतले जुने नंबर तेच ठेवा, ती वही फेकू नका.

ऐरोलीची_क्वेरी

+१ वहीच्या नंबराला. नवीन सिरियल काढायचा मोह होतो पण पुस्तकांवर जुने शिक्के आहेत ना.

आणि लेखकांचं पण तसंच का ताई? शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एक करायचे का?

कार्डकपाट

छान प्रश्न. नियम असा की एका माणसाने ठरवून दोन नावांनी दोन प्रकारचं लिहिलं तर दोन्ही नावं तशीच ठेवायची आणि एकमेकांकडे बोट दाखवायचं, 'हेही पाहा'. कविता कुसुमाग्रज, नाटकं वि. वा. शिरवाडकर. गडकरी-गोविंदाग्रज तसंच, अत्रे-केशवकुमार तसंच. पण लेखक एकाच टोपणनावाने लिहीत असेल तर ते एकच ठेवून खऱ्या नावावरून तिकडे पाठवायचं. बालकवी शोधणाऱ्याला ठोमरे माहीत असायची सक्ती नको.

सीवूड्सवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीच्या मीटिंगला पाच श्यामच्या आया टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं यातली कुठली एक ठेवू, तर सेक्रेटरी साहेबांनी जुनी पिवळी उघडली, आत निळ्या शाईत "चौथीत पहिली आल्याबद्दल" असं लिहून एका मुलीचं नाव आणि शाळेचा शिक्का. म्हणाले ही नको काढू. मग चर्चा अर्धा तास लांबली पण रद्दी तूर्त थांबली आहे. दोन शीट चालू केलीत, 'मूळ कृती'चा कॉलम पण. खऱ्या डुप्लिकेट अगदी थोड्या निघाल्या, त्यात बहुतेक पंचांगं आणि एका बिल्डरच्या जाहिरातीच्या डायऱ्या, त्या गेल्या.

आता शेवटचा प्रश्न, दिवाळी अंक. तीन खोकी भरून आहेत. त्यांची नावं दरवर्षी तीच!

कार्डकपाट

शाळेचा शिक्का आणि हस्ताक्षर याची नोंद प्रतींच्या शीटमध्ये टाका, आवृत्तीच्या नाही. ती त्या एकाच प्रतीची गोष्ट आहे.

दिवाळी अंक म्हणजे नियतकालिक. अंकाच्या नावाची नोंद एकदाच करायची आणि तिच्याखाली वर्षं मांडायची, २०१४ आहे, २०१५ नाही, असं. ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलीय, त्यामुळे मोठ्या लायब्रऱ्यांत सुद्धा कुठलं वर्ष आहे नि कुठलं नाही हेच जास्त विचारतात. आतल्या प्रत्येक कथेची नोंद करायला जाऊ नका, जन्म जाईल. पण एखादी कादंबरी आधी अंकात आली आणि मग पुस्तक झाली असं माहीत असेल तर तेवढी शेऱ्यात टाका, आणि पुस्तकाच्या ओळीतही, कारण अंकातला मजकूर बरेचदा लहान असतो.

खोपटकर

२०१५ चे चार-पाच माझ्याकडे पडलेत, हवे असतील तर सांगा. ठाण्याहून नेरूळ ट्रेनने आणून देतो, पण योगा मॅटवर ठेवायचे नाहीत.

सीवूड्सवाला

हवेत! मेसेज करतो. आणि शीटमध्ये 'देणगीदार: खोपटकर' टाकतो, प्रतींच्या शीटमध्येच.